मॉनिटर घ्यावा म्हणते!

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या घरात दोनच गोष्टी साठत जातात. एक फुटेज आणि दुसरे किस्से. फुटेजचं बरं असतं. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन गेलं, वर्ष उलटलं, की डिलीट मारायचं. किस्से डिलीट होत नाहीत. उलट दर चहाला त्यांची नवी कॉपी निघते, आणि प्रत्येक कॉपीत जो तो आपापलं एडिटिंग करतो!

मी लातुरात घरी बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. माझा नवरा दत्ता शूटिंगला जातो. आमच्या कंपूत आणखी दोघं. एक नांदेडचा बालाजी, तोही घरूनच एडिटिंग करतो. दुसरे रफिकभाई, लातूरचेच, या धंद्यात आम्हा सगळ्यांत जुने. चौघं एकत्र जमलो की गप्पा कुठूनही सुरू होवोत, गाडी शेवटी माझ्या मॉनिटरवर येऊन थांबतेच. एवढ्याशा वस्तूनं आम्हाला जेवढं हसवलंय तेवढं कुठल्या वरातीनं हसवलं नसेल.

तर सुरुवातीपासून सांगते.

*

रेणापूरचं एक लग्न होतं. नवरीचा शालू मोरपंखी. मोरपंखी हा लई अवघड रंग. धड हिरवा नाही, धड निळा नाही. लॅपटॉपवर मला तो जरा जास्तच हिरवा वाटला, म्हणून मी थोडा निळा वाढवला. पुन्हा बघितलं तर अजून हिरवाच. आणखी वाढवला. मनासारखा झाल्यावर व्हिडिओ देऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी नवरीच्या आईचा फोन. "ताई, असाल तशा निघून या. इथं लई गोंधळ झालाय."

झालं असं होतं, की दोन्हीकडची मंडळी हौसेनं टीव्हीवर व्हिडिओ बघायला बसली. शालू निघाला निळाशार! शालू दिला होता मुलाकडच्यांनी. नवरदेवाची आई ताडकन म्हणाली, "ह्यो आमचा शालूच न्हाई!" नवरीच्या आईनं कपाटातून मोरपंखी शालू आणून समोर ठेवला. तर विहीणबाई म्हणाल्या, "हाव, हाच आमचा. मग लग्नात दुसरा का नेसवला? आमचा काय वाईट होता?"

मी लॅपटॉप घेऊन रेणापूरला धावले. बैठकीत दोन्ही पार्ट्या समोरासमोर बसलेल्या. पोरगी बिचारी दाराआडून बघत होती. मी मधोमध लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "बघा, शालू मोरपंखीच आहे."

पलंगावर बसलेले म्हणाले, "हाव की, मोरपंखी."

सतरंजीवर बसलेले म्हणाले, "कुठं? निळाच हाय की!"

मी स्क्रीन जरा पुढं कलवला. आता खालच्यांना मोरपंखी दिसायला लागला आणि वरच्यांना हिरवागार. पुन्हा मागं केला. पुन्हा भांडण! माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन साधा होता. ज्या कोनातून बघाल तसा रंग. त्या दिवसापर्यंत मला स्वतःलाच हे धड कळलं नव्हतं.

नवरदेवाचे मामा उठले. एकदा पलंगावर बसून बघितलं, एकदा खाली बसून बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, ह्याला एडिटिंगला कशाला वापरता? राजकारणात पाठवा. समोर जो बसंल त्याच्या पार्टीचा रंग दाखवतोय!"

दोन्हीकडचे हसले आणि भांडण मिटलं. मी मात्र परतीच्या जीपमध्ये बसल्या बसल्या दत्ताला फोन लावला. "अहो, मी एक मॉनिटर घ्यावा म्हणते."

*

आता मॉनिटर कुठला घ्यायचा? आमच्यात या विषयातला पंडित म्हणजे बालाजी. त्याला एक मेसेज टाकला. उत्तरादाखल चौदा व्हॉइस मेसेज आले. पॅनल आयपीएसच पाहिजे. रंग शंभर टक्के एसआरजीबी पाहिजे. ब्राइटनेस अमुक निट्स पाहिजे. वर एक एक्सेल शीट. तिच्यात एकतीस मॉनिटर, आणि प्रत्येकापुढं अठरा रकाने.

दत्तानं ती शीट मोबाइलवर वरपासून खालपर्यंत सरकवली. म्हणाला, "लग्न जमवताना तुझ्या बापानं माझी एवढी चौकशी केली नव्हती."

मी म्हणाले, "म्हणून तर आता करून राहिलो आपण!"

मग मी बालाजीला फोन लावला. "बालाजी, एवढं सगळं तुला कसं माहीत रे?"

"ताई, दोन वर्षं झाली अभ्यास करून राहिलो. रोज रिव्ह्यू बघतो. एक पण मॉनिटर सुटला नसंल."

"मग यातला तू कुठला घेतलास?"

तो घाईघाईनं एकतिसाव्या मॉनिटरचे निट्स सांगायला लागला.

"बालाजी, तू एडिटिंग कशावर करतोस?"

"घरच्या टीव्हीवर."

"अन् दोन वर्षं अभ्यास?"

"ताई," बालाजी अगदी गंभीरपणे म्हणाला, "मॉनिटरचं कसं हाय, आपण ठरवेपर्यंत नवीन निघून राहिला. मला फसायचं न्हाई."

त्याची बायको मागून ओरडली. "ताई, तुम्ही घेऊन टाका हो! तुमचा बघून तरी हे घेतील. माझी मालिका सहा वाजता लागते अन् हे तिथं कुणाची तरी बिदाई लावून बसतात!"

*

रफिकभाईंना एक्सेल शीट दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, शीट बघितली, चष्मा खाली केला. "ताई, कागदावर तर सगळेच स्थळ चांगले. आपण जाऊन बघू. नांदेडला."

ठरलेल्या दिवशी ते स्टँडवर आले तेव्हा हातात एक कापडी पिशवी. मला वाटलं डबा असेल. नांदेडच्या दुकानात गेलो. भिंतभर मॉनिटर लावलेले, आणि सगळ्यांवर एकच व्हिडिओ चालू: निळं पाणी, लाल पिवळे मासे, फुटणारे रंगाचे फुगे. जो बघावा तो एकापेक्षा एक! सेल्समन म्हणाला, "काय कलर आहे बघा, मॅडम!"

रफिकभाई म्हणाले, "भाई, लातुरात असले मासे लग्नाला येत न्हाईत. हे लावा." आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

त्यात केळ्याचा व्हिडिओ होता. आदल्याच दिवशी रफिकभाई अर्धापूरला एका केळीच्या बागायतदाराच्या कार्यक्रमाचं शूटिंग करायला गेले होते. तिथून परतल्यावर मुद्दाम एक पिकलं केळं टेबलावर ठेवून, ट्यूबलाइटच्या उजेडात, सगळ्या बाजूंनी शूट करून आणलेलं. आणि आता कापडी पिशवीतून ते खरं केळं बाहेर निघालं!

रफिकभाई केळं हातात धरून एकेका मॉनिटरपुढं उभे राहायला लागले. पहिल्या मॉनिटरवर केळं लिंबासारखं दिसलं. "नक्को." दुसऱ्यावर हापूस आंब्यासारखं. "नक्को." तिसऱ्यावर हिरवट. "हे तर अजून झाडावरच हाय." दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून आमच्यामागं गोळा झाली. एकजण तर म्हणाला, "भाईजान, माझ्या टीव्हीला पण जरा लावता का केळं?"

सातव्या मॉनिटरपुढं रफिकभाई थांबले. केळं स्क्रीनला लावलं. मागं झाले. मान डावीकडं करून बघितलं, उजवीकडं करून बघितलं, खाली वाकून बघितलं. कुठूनही बघा, हातातलं आणि स्क्रीनवरचं केळं एकच. सालीवरचा काळा ठिपकासुद्धा तसाच.

"ताई, हाच."

सत्तावीस इंची होता तो. बालाजीच्या शीटमधला नववा! सेल्समन खूश झाला. "थांबा, आमच्या मालकांना बोलावतो. त्यांना पण ही टेस्ट दाखवा. आम्ही रोज गिऱ्हाइकाला करून दाखवू."

मालक आतल्या खोलीतून येईपर्यंत दोन मिनिटं लागली. ते आले तेव्हा रफिकभाईंच्या हातात नुसती साल होती.

"अहो भाईजान!" सेल्समन कळवळून म्हणाला. "खाल्लं?"

"निकाल लागल्यावर पेपर सांभाळून काय करता?" रफिकभाई म्हणाले, आणि साल त्यांनी नीट पिशवीत ठेवली.

*

येताना नांदेड-लातूर एसटी. रफिकभाई पुढच्या सीटवर, मी मागं खिडकीशी, आणि माझ्या शेजारच्या सीटवर खोकं. धक्का बसेल म्हणून मी त्याला ओढणीनं बांधून, मिठी मारून बसलेली.

कंडक्टर आला. मला महिलांचं सवलतीचं अर्धं तिकीट दिलं आणि खोक्याकडं बघून म्हणाला, "हे कोण?"

"मॉनिटर आहे."

"मॉनिटर? मग तर ह्याचं फुल्ल तिकीट लागतंय. सवलत बायांना हाय, मॉनिटर पुरुष हाय!"

सगळी बस हसली. त्यानं बापड्यानं सामानाचंच तिकीट फाडलं. पुढं लोह्याला गर्दी चढली. एक म्हातारे बाबा उभे राहिले. कंडक्टर पुन्हा मागं आला. "बाई, ह्या मॉनिटरला उठवा आता. बाबांना बसू द्या."

"अहो, उभा ठेवला तर पडेल की!"

"काय पडत न्हाई," कंडक्टर म्हणाला. "आमच्या वर्गातला मॉनिटर वर्षभर उभाच असायचा!"

बाबा बसले आणि खोकं मांडीवर त्यांनीच घेतलं. अहमदपूरपर्यंत माझ्यापेक्षा घट्ट धरलं होतं. उतरताना माझ्या हातात देत म्हणाले, "सांभाळून ने, पोरी. लई शहाणं हाय. वाटंत एकदा बी रडलं न्हाई."

*

घरी मॉनिटर लागला. माझ्या सासूबाईंना यंत्राची पूजा केल्याशिवाय ते घरात आलं असं वाटतच नाही. मिक्सरची झाली, फ्रिजची झाली, दत्ताच्या ड्रोनची तर औक्षण करून झाली. मी म्हणाले, "आत्या, याला हार वगैरे नको हां. स्क्रीन नाजूक असतो." त्या म्हणाल्या, "न्हाई गं, मला काय कळत न्हाई का?"

पुढच्या आठवड्यात औशाच्या एका लग्नाचं एडिटिंग सुरू केलं. पहिलाच शॉट लावला, तर नवरीच्या मागच्या मांडवावर एक काळपट लाल ठिपका. म्हटलं, डेकोरेशनचा काहीतरी डाग असेल. पुढच्या शॉटमध्ये ठिपका नवरदेवाच्या कपाळावर. म्हटलं, नाम असेल. त्याच्या पुढच्या शॉटमध्ये तो ठिपका जेवणाच्या पंगतीत, श्रीखंडाच्या वाटीत!

दत्ताला हाक मारली. "अहो, तुमच्या कॅमेऱ्यात डाग आहे. सगळ्या फुटेजमध्ये एकाच जागी ठिपका येतोय."

दत्ता कॅमेरा घेऊन धावत आला. कॅमेऱ्याच्या सेन्सरला काही झालं म्हणजे सीझनमध्ये हात मोडल्यासारखंच. त्यानं लेन्स काढली, फुंकणीनं हवा मारली, पुसली, पुन्हा लावली. अंगणात जाऊन तुळशीचं शूटिंग केलं. मॉनिटरवर लावलं. तुळशीला लाल फळ!

बालाजीला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं डोळे बारीक करून बघितलं. "ताई, कॅमेरा ओके हाय. मॉनिटरचा पिक्सेल मेलाय. वॉरंटी हाय, लगेच रिटर्न करा. म्हणून मी घेत न्हाई बघा!"

एवढा केळं लावून निवडलेला! दत्तानं माळ्यावरून खोकं काढलं. मी वायरी सोडवल्या. आम्ही दोघं तोंड पाडून थर्माकोल लावत होतो, तेवढ्यात सासूबाई बाहेरून आल्या.

"का गं, का बांधून ठेवायलाव?"

"आत्या, बिघडलाय. बालाजी म्हणतो, पिक्सेल मेलाय. लाल ठिपका येतोय."

"वरच्या अंगाला? उजव्या हाताला?"

"हो. तुम्हाला पण दिसला?"

"दिसला म्हणजे? मीच लावलाय की शुक्रवारी! तू हार नको म्हणलीस, म्हणून नुसतं कुंकवाचं बोट टेकवलं." मग दत्ताकडं वळून त्या रागावून म्हणाल्या, "अन् चांगल्या कुंकवाला मेलेलं कोण म्हणलं रे?"

*

मॉनिटर खरा रंग दाखवायला लागला आणि मला एक नवंच कळलं. लोकांना खरा रंग टीव्हीपुरता, शालूपुरता पाहिजे असतो. स्वतःचा नको असतो!

उदगीरचं एक नवं जोडपं व्हिडिओ फायनल करायला घरी आलं. नवरदेव बँकेत, नवरी कॉलेजात शिकवते. मी स्क्रीनवर मंगलाष्टकं लावली. नवरी मन लावून बघत होती. नवरदेव खुर्चीत चुळबुळ करायला लागला.

"मॅडम, हे… जरा डार्क नाही का आलं?"

"काय? मांडव?"

"मांडव नाही. मी."

मी म्हणाले, "जसे आहात तसे आलायत."

"ते बरोबर आहे, पण लग्नाचा व्हिडिओ आहे ना. थोडं उजळ करता येतं की. मित्राच्या व्हिडिओत केलंय, तो ओळखूच येत नाही. एवढं छान झालंय!"

आता गिऱ्हाइकाचं ऐकावं तर लागतं. मी माउस धरला आणि त्याचा चेहरा एक पायरी उजळ केला. तो म्हणाला, "अजून." दुसरी पायरी. "अजून थोडं." तिसऱ्या पायरीला त्याच्या कपाळावरचं गंध उडालं, मिशी विरळ झाली, आणि तो पीठ मळता मळता उठून बोहल्यावर आल्यासारखा दिसायला लागला. तरी म्हणाला, "हां, आता कसं!"

नवरी खुर्ची ओढून पुढं आली.

"ताई, एक विचारू? हे कोण आहेत?"

"अगं मी!" नवरदेव म्हणाला.

"छे! मला बघायला आले तेव्हा वेगळे होते. मी त्यांना हो म्हणलेय." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, माझ्या नवऱ्याला परत आणा. ह्यांना जाऊ द्या."

मी तिन्ही पायऱ्या उतरून त्याला मूळ रंगावर आणलं, तेव्हा तो स्क्रीनकडं न बघता तिच्याकडंच बघत होता. कानापर्यंत लाल झाला होता. तो रंग मात्र दाखवायला कॅमेरा चालू नव्हता!

*

नांदेडच्या एका बौद्ध कुटुंबातल्या लग्नाचं काम बालाजीकडं होतं. फुटेज जास्त म्हणून त्यानं अर्धं मला पाठवलं. चार दिवसांनी त्याचा फोन. आवाज एकदम उतरलेला.

"ताई, नवरदेवाच्या आत्याचा सोन्याचा झुबा हरवलाय. लग्नातच. अन् आता सगळे मीनाताईंचं नाव घेऊन राहिले."

मीनाताई म्हणजे पार्लरवाली. आत्याबाईंची वेणी तिनं घातली होती, झुबेही तिनंच कानात घातले होते. एवढ्यावरून कुणीतरी म्हणालं, "तिनंच काढून ठेवला असणार." गावात असं एक वाक्य पुरतं. दोन जणींनी तिला दिलेली पुढची कामं रद्दसुद्धा केली. बालाजी म्हणाला, "ताई, ती बाई तशी न्हाई. आमच्या गल्लीतली हाय. तुमच्या मॉनिटरवर काही दिसतं का बघा ना."

मी माझ्याकडचं सगळं फुटेज पहिल्यापासून लावलं. यावेळी नवरा-नवरीकडं बघायचंच नाही असं ठरवलं. नजर फक्त आत्याबाईंच्या कानावर. त्रिशरण-पंचशीलाला दोन्ही झुबे आहेत. फुलं उधळली तेव्हा दोन्ही आहेत. मग आत्याबाई रडत रडत भाच्याच्या गळ्यात पडतात. त्या बाजूला होतात, तर उजवा कान रिकामा!

पुन्हा मागं नेलं. मोठं केलं. एकेक फ्रेम सरकवत गेले. आत्याबाईंचं डोकं मागं येतंय, आणि नवरदेवाच्या फेट्याचा जो मागं सोडलेला पदर असतो, त्याच्या जरीत काहीतरी चमकतंय. लॅपटॉपवर तो जरीचाच भाग वाटला असता. इथं झुब्याचे मोतीसुद्धा मोजता येत होते. लगेच बालाजीला फोन लावला.

"बालाजी! फेट्यात बघ, फेट्यात!"

"फेटा भाड्याचा होता, ताई. परत गेला."

बालाजीनं फेटेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "तो फेटा आज लोह्याला गेला. बाराचं लग्न हाय."

घड्याळात साडेदहा झाले होते. बालाजीनं मोटरसायकलला किक मारली. लोह्याला पोचला तेव्हा वरात निघालेली, नवरदेव घोड्यावर, बँड जोरात. बालाजी सरळ घोड्यापुढं जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. "थांबा! हे लग्न थांबवा!"

त्याला म्हणायचं होतं वरात थांबवा. तोंडातून निघालं लग्न! बँड बंद. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. नवरदेवाचा बाप पुढं आला. "काय भानगड हाय? कोण हायस तू? पोरीकडचा का?"

बालाजीला धाप लागलेली. तो फेट्याकडं बोट दाखवून एवढंच म्हणाला, "मामा, आमच्या आत्याचा कान तुमच्या पोराच्या डोक्यात अडकलाय!"

झुबा तिथंच होता, मागच्या पदराच्या जरीत. नवरदेवानं घोड्यावरूनच काढून दिला. म्हणाला, "मला वाटलं फेट्याचंच डिझाइन हाय. चांगलं दिसत होतं."

त्याच दिवशी दुपारी आत्याबाई स्वतः मीनाताईंच्या पार्लरवर गेल्या. बालाजी बरोबर होता. आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या, हातात झुबा. मीनाताईंनी खुर्ची पुढं ओढली.

"बसा. कान इकडं करा," त्या म्हणाल्या. "ह्यावेळी घट्ट बसवते."

*

आणि आता हा किल्लारीचा.

रफिकभाईंनी एक गिऱ्हाईक माझ्याकडं पाठवलं. किल्लारीचे एक गुरुजी, पन्नाशीचे, आणि त्यांची आई. गुरुजींच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली होती. भूकंपाच्या आधीची. बहिणीनं सासरी निलंग्याला नेली होती म्हणून राहिली. रफिकभाईंनी त्यांच्या जुन्या मशिनवरून ती कॅसेट फाइलमध्ये उतरवून दिली होती. मला फक्त ती साफ करून, कापून, नीट लावायची होती.

गुरुजी म्हणाले, "आई म्हणली, मला आधी सगळं बघू दे. मग काय कापायचं ते कापा."

आजींना मी मॉनिटरसमोर माझ्या खुर्चीत बसवलं. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि त्याही शेजारी बसल्या. व्हिडिओ सुरू झाला. रंग उडालेले, चित्रात रेघा, तरी माणसं ओळखू येत होती. आजी एकेकाला बोट लावून सांगायला लागल्या. "ही माझी जाऊ. लई तापट. हा माझा धाकटा दीर मुक्या. घास खाताना शूटिंग करू नको म्हणून ओरडायलाय बघ." सासूबाई आणि त्या अशा हसत होत्या की जणू दोघी त्याच लग्नात शेजारी बसून जेवल्या होत्या.

मग वरात निघाली. बँडवाले पुढं. दगडी भिंतींच्या मधली गल्ली, माळवदावर चढून बसलेल्या बाया, एक शेळी कॅमेऱ्याकडं बघतेय. आजी खुर्चीच्या कडेला सरकल्या.

"हळू," त्या म्हणाल्या. "हळू चालीव, बाई."

मी वेग कमी केला. गल्लीच्या टोकाला मारुतीचा पार आला. बँडवाले डावीकडं वळले, त्यांच्यामागं कॅमेराही डावीकडं वळला.

"उजवीकडं," आजी म्हणाल्या.

मला कळलं नाही. मी व्हिडिओ मागं नेला, पुन्हा लावला. पार आला. कॅमेरा डावीकडं वळला.

"न्हाई, न्हाई. उजवीकडं फिरव. आमचं घर तिकडं हाय. दारात मी तांब्या घेऊन उभी हाय."

"आजी, कॅमेरा तिकडं वळलाच नाही हो."

"फिरव की जरा."

मी पुन्हा मागं नेलं. तीनदा. तिसऱ्या वेळी पाराजवळ चित्र थांबवून ठेवलं. अगदी उजव्या कडेला एका भिंतीचा कोपरा दिसत होता. दोन दगड, बस्स.

आजी खुर्चीतून उठल्या. टेबलाला धरून पुढं गेल्या. मॉनिटरच्या उजव्या कडेवर हात ठेवला, आणि वाकून पलीकडं बघितलं. तिथं माझ्या घराची भिंत होती आणि वायरी होत्या.

"आई," गुरुजी हळूच म्हणाले, "तिथं काय न्हाई."

"मला ठाऊक हाय," आजी म्हणाल्या.

परत येऊन खुर्चीत बसल्या. सासूबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. दोन घोट घेतल्यावर त्यांनी मॉनिटरकडं एकदा वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "चांगला हाय गं. पण घेतानाच आणिक हातभर रुंद घ्यायचा न्हाई का?"